घरची मोटार आणि हातचे कसब

दसऱ्याच्या दिवशी कोल्हापूरच्या दसरा चौकात जी गर्दी लोटते, तिच्यातील निम्मे डोळे सीमोल्लंघनाकडे असतात आणि निम्मे मोटारीकडे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील, १९३६ सालची ती मेबॅक मोटार राजघराण्यातील मंडळींना घेऊन चौकात आली, की म्हातारीकोतारी माणसेही टाचा उंचावतात. लहानपणी मामांच्या खांद्यावर बसून मी ती पहिल्यांदा पाहिली. मला वाटले होते की, मामा आता बराच वेळ हलणार नाहीत. पण त्यांनी मला खाली उतरवले आणि म्हणाले, "झाली बघून? चल आता. आपली पुजायची राहिलीया."

आपली म्हणजे हातकणंगल्याच्या घराच्या पडवीत उभी असलेली फियाट. १९६८ सालची, अकराशे डिलाइट. मामांनी ती १९८५ साली जुनी म्हणून घेतली, आणि घेतल्या दिवसापासून ती कधी पुरी झाली नाही. दर रविवारी तिचे काहीतरी उघडलेले असे. पडवीत जुने धोतर अंथरून त्यावर पाने, पेचकस, वायसर मांडलेले असत, आणि मामा बॉनेटखाली अर्धे गडप झालेले असत. आमच्या मामीचा राग मोटारीवर नव्हता, रॉकेलवर होता. रेशनवर महिन्याकाठी मिळणारे रॉकेल स्टोव्हला पुरायचे नाही, आणि त्यातलेच तांब्याभर रॉकेल कार्ब्युरेटर धुवायला जायचे. "घरात चहा नाही, पण तिला आंघोळ पाहिजे," असे ती म्हणत असे. आणि तरीही पुजेच्या दिवशी झेंडूचा सर्वांत मोठा हार तीच ओवीत असे.

घरची मोटार आपल्या हाताने सुधारत बसण्याच्या या नादाकडे लोक हौस म्हणून पाहतात, आणि हौसेला मोल नाही म्हणून सोडून देतात. शाळेत मुलांना इतिहास शिकवता शिकवता मला मात्र असे वाटू लागले की, ही नुसती हौस नव्हे. या पंचगंगेच्या मुलुखाची ती जुनी खोड आहे, आणि तिला स्वतःचा एक इतिहास आहे.

विकत आणलेली वस्तू म्हणजे अंतिम वस्तू, असे या भागातल्या माणसाने कधी मानलेच नाही. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी परदेशी नांगर पाहिला आणि स्वतःचा लोखंडी नांगर घडवला. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. त्याच्यामागून जे माग आले त्यांचे सुटे भाग गावातच बनू लागले, आणि विणकरांच्या गावात फिटर व टर्नर यांची एक नवी जात जन्माला आली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी आपल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन यंत्रांचे मर्म उलगडले, स्वतःचा कॅमेरा घडवला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आणला. नांगर, माग, कॅमेरा. ज्या मुलुखात ही तीन यंत्रे उघडून पाहिली गेली, तिथे मोटारीचे बॉनेट झाकलेले राहील, हे संभवतच नव्हते.

मोटारीत फेरफार करण्याची पहिली मोठी सक्ती दुसऱ्या महायुद्धाने केली. पेट्रोलवर नियंत्रण आले. तेव्हा देशभर मोटारींच्या आणि बसगाड्यांच्या मागे एक उभे पिंप बसवण्यात आले. त्यात लोणारी कोळसा धुमसत ठेवायचा, त्यातून निघणारा वायू गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा, आणि त्यावर गाडी चालवायची. पेट्रोलइतकी ताकद त्यात नसे. चढ आला की उतारूंनी खाली उतरून धक्का द्यावा, हे ओघानेच आले. परंतु पेट्रोलसाठी बांधलेले इंजिन दुसऱ्या कशावरही चालू शकते, हा धडा गावोगावच्या मिस्त्र्यांना त्या पिंपाने शिकवला. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, तेव्हा पेट्रोलची इंजिने काढून अँबॅसिडर गाड्यांत डिझेलची इंजिने बसवणारे हात याच शाळेत तयार झालेले होते.

दुसरी सक्ती परवान्यांच्या काळाने केली. आजच्या मुलांना सांगूनही खरे वाटत नाही की, त्या काळी नवी मोटार पैसे असूनही मिळत नसे. नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. निवड करायची तीही जवळजवळ फियाट आणि अँबॅसिडर या दोहोंतच. त्यामुळे एकदा आलेली मोटार म्हणजे घरात आलेली सून. ती कायमची, आणि तिला सांभाळून घ्यायचे. नवी मिळत नाही म्हणून जुनीच नवी करायची, या गरजेतून गॅरेजे वाढली, कोल्हापूरच्या उद्यमनगरात रीबोअरची यंत्रे फिरू लागली, आणि मामांसारख्यांचे रविवार कारणी लागले.

मामांनी फियाटमध्ये केलेली पहिली मोठी सुधारणा म्हणजे डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवणे. डायनॅमोचा स्वभाव असा की, इंजिन जोरात फिरत असेल तोवर वीज ठीक, पण गाडी सावकाश चालली किंवा फाटकापाशी थांबली की दिवे पिवळे पडायचे. अल्टरनेटर मंद गतीलाही पुरेशी वीज देतो. तो बसला त्या रात्री मामांनी आम्हां सगळ्यांना घराबाहेर उभे केले आणि इंजिन मंद ठेवून दिवे लावले. समोरची भिंत लख्ख उजळली. मामी म्हणाली, "दिवाळी लवकर आली म्हणायची." त्या एका वाक्यावर मामांनी पुढचे सहा महिने काढले.

मात्र सुधारणा दर वेळी सुधारणाच ठरते असे नाही. एकदा मामांनी दुसऱ्या एका गाडीची मोठी चाके आणि रुंद टायर आणून बसवले. गाडी दिसायला ऐटबाज झाली. आम्ही सातजण तिच्यात कोंबून जोतिबाला निघालो. सपाटीवर सारे ठीक होते. डोंगराचा रस्ता लागला, वळणे आली, आणि मागून रबर जळाल्याचा वास येऊ लागला. ओझ्याने कमानपाटे दबले होते आणि टायर मडगार्डला घासत होते. स्टिअरिंग इतके जड झाले की वळण घेताना मामांच्या मानेच्या शिरा फुगत. त्यातून भर अशी की, चाक मोठे झाल्यामुळे त्याच्या एका फेऱ्यात जमीन जास्त कापली जाई, आणि वेगाचा काटा बिचारा जुन्याच हिशेबाने कमी वेग दाखवी. आम्ही जोतिबाचे दर्शन घेतले ते एस.टी.ने जाऊन, आणि फियाट घरी आली ती ट्रॅक्टरला बांधून.

त्या रात्री मामा जुनी चाके परत चढवताना मला म्हणाले, "ध्यानात ठेव, मास्तर. एक नग बदलला की त्याच्या शेजारचे चार नग इचारत्यात, आमचं काय?" मी तेव्हा मास्तर झालेलो नव्हतो. पण यंत्राविषयी मी पुढे जे काही वाचले, त्यात याहून नेमके काही मला आढळले नाही.

शेजारच्या चार नगांचा प्रश्न ज्याने शेवटपर्यंत नेला, असा माणूस आमच्याच तालुक्यात होऊन गेला. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यांनी कोणाची मोटार सुधारली नाही. त्यांनी मोटारच केली. १९४९ साली त्यांची पहिली दोन माणसांची छोटी गाडी तयार झाली, आणि तिला एमएचके १९०६ हा नंबर मिळाला. त्या सालाकडे जरा थांबून पाहावे. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षे झालेली, आणि एका मागांच्या गावात एक अल्पशिक्षित माणूस सामान्य कुटुंबाला परवडेल अशी मोटार मनात धरून बसलेला. या गाडीचे नाव मीरा.

मीरेचे इंजिन मागे होते. पोलादी कमानपाट्यांऐवजी त्यांनी रबराचा उपयोग केला. यातली युक्ती गॅरेजात बसणाऱ्याला चटकन कळते. पाटे म्हटले की पिना आल्या, बुश आले, ग्रीस आले आणि कुरकुर आली. रबराला यातले काही लागत नाही. भाग कमी तर खर्च कमी, आणि बिघडायला जागाही कमी. त्यांनी एका गाडीवर समाधान मानले नाही. एक करावी, चालवावी, तिचे दोष पाहावेत आणि दुसरी करावी, असे चालता चालता शेवटचा नमुना १९७० साली झाला. त्याची किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवण्याचा विचार होता. एकवीस वर्षे! आपण मोटारीसाठी वाट पाहणाऱ्यांचे कौतुक सांगतो. हा माणूस मोटार हाती घेऊन वाट पाहत होता.

मीरा बाजारात आली नाही. सामान्यांची म्हणून जी छोटी मोटार अखेर देशाला मिळाली, ती मारुती आठशे. १९८३ सालच्या डिसेंबरात ती प्रथम रस्त्यावर आली, आणि तिचे मूळ घराणे जपानी होते. तिने लाखो घरांना मोटार दाखवली, हे उपकार कोणी नाकारणार नाही. पण इचलकरंजीला जाताना माझ्या मनात दर वेळी येते की, याच रस्त्यावरून कधी काळी एक मोटार गेली असेल, जिचा एकेक नग इथल्याच हवेत विचार करून ठरवलेला होता.

अशा हातांची पिढी संपली असे म्हणावे, तर तेही खरे नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टाखातर भंगारातील सामानातून एक छोटी जीप केली. तिला दुचाकीसारखी किक मारून सुरू करायचे. खर्च साठ हजारांच्या घरात. २०२१ सालच्या डिसेंबरात तिचे चित्रण देशभर पाहिले गेले. आनंद महिंद्र यांनी त्या कसबाची तारीफ केली. ही गाडी नियमांत बसत नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२ सालच्या जानेवारीत ती अदलाबदल झाली. लोहार कुटुंब आधी कचरले होते, कारण पहिली गाडी घरची लक्ष्मी वाटत होती. ज्याने आपल्या हाताने काही घडवले आहे, त्याला हे कचरणे समजेल.

आता हा नियम काय आहे, तेही सांगावयास हवे, कारण त्यावरून आमच्या घरात दोन दिवाळ्या वाद चालला. मामा गेले. फियाट पडवीत राहिली. मामेभाऊ पुण्याला नोकरीला. त्याची इच्छा अशी की, बाबांच्या गाडीत आजकालचे जोरकस इंजिन बसवावे आणि ती महामार्गावर नव्या गाड्यांच्या बरोबरीने धावावी. "दादा, बाबांनी पण हेच केलं असतं," असे तो म्हणे, आणि त्याचे म्हणणे मला एकदम खोडता येत नसे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम सांगते की, कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने करू नये. २०१९ सालच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच निक्षून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपयांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. त्याच जातीचे इंजिन परवानगीने बदलता येते, मान्य केलेला गॅसचा संच बसवता येतो, रंग बदलून नोंद करता येते. आणि २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी निराळी नोंदणी निघाली, तिची तर अटच अशी की, गाडी मूळ रूपात राखलेली हवी.

प्रथम मलाही हा कायदा कसबाचा वैरी वाटला. पण जोतिबाचा डोंगर आठवला. दुप्पट जोराचे इंजिन या फियाटमध्ये घातले, तर तिचे ब्रेक कोणते? चारी चाकांना जुने ड्रमच. तिचा सांगाडा कोणत्या वेगासाठी बांधलेला? समोरून येणाऱ्या सायकलवरच्या माणसाला आपल्या हौसेची काय कल्पना? कायदा विचारतो ते निराळे काही नाही. शेजारचे चार नग विचारतात, तेच तो विचारतो. फक्त त्या नगांमध्ये तो रस्त्यावरची माणसेही धरतो. शंकररावांनी त्या प्रश्नाला भिऊन हात आखडला नाही. त्यांनी सगळेच नग नव्याने विचारात घेतले. ते ज्याला झेपते त्याने मोटार घडवावी. ज्याला झेपत नाही त्याने मामांसारखी राखावी. दोन्हींत कमीपणा नाही. कमीपणा अर्धवट करण्यात आहे.

मामेभावाला मी हे पत्राने कळवले. त्याचे उत्तर आले नाही. गणपतीत तो स्वतःच आला, आणि पडवीत जुने धोतर अंथरून बसला. आम्ही मूळचेच इंजिन उतरवले, उद्यमनगरात नेऊन रीबोअर केले, नवे पिस्टन आणि रिंगा घातल्या, ब्रेकचे लायनर बदलले. टॅपेट लावताना त्याला अंतर साधेना. तेव्हा मामी आतून बाहेर आली. खांबाला टेकून क्षणभर तिने इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाली, "तिसरा अजून ढिला हाय." पान फिरवले. आवाज बसला.

चाळीस वर्षे रॉकेलवरून भांडणाऱ्या त्या माउलीने सगळे ऐकून ठेवले होते. यंदा लक्ष्मीपूजनाला फियाट अंगणात असेल. इंजिन मंद ठेवून दिवे लावायचे, आणि भिंत उजळते का ते पाहायचे, असे ठरले आहे.