बियाण्याचं पाकीट आणि घरची कणगी

उल्हासनगर म्हटलं की कापड आणि फर्निचरचा बाजार, अंबरनाथ म्हटलं की कारखाने, बदलापूर म्हटलं की नव्या इमारती. पण बदलापूर सोडून लोकल कर्जतकडे निघाली की पावसाळ्यात दोन्ही बाजूंना अजूनही भातखाचरं दिसतात. कर्जतला ब्रिटिश काळापासूनचं भात संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेली 'कर्जत-3'सारखी सरळ वाणं ठाणे-रायगडात सर्वदूर लावली जातात. सरळ वाण म्हणजे काय, तर या वर्षीच्या पिकातलं चांगलं भात कणगीत राखून ठेवा, पुढच्या वर्षी तेच पेरा. दुकानदाराने भाव जास्त सांगितला तर शेतकरी शांतपणे घरी परत येतो. त्याच्या घरातच दुकानदाराचा प्रतिस्पर्धी बसलेला असतो.

कापसाच्या शेतकऱ्याकडून हा प्रतिस्पर्धी काढून घेतला गेला. ते कसं घडलं, ही आपल्याच राज्यातली गोष्ट आहे.

1970 मध्ये सुरतच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-4' हा कापसाचा संकरित वाण दिला. व्यापारी पातळीवर लावला गेलेला तो जगातला पहिला संकरित कापूस. उत्पन्न वाढलं, पण संकरित बियाणं राखून पेरलं तर पुढचं पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरवर्षी विकत घेणं आलं. तिकडे जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्येच 'महिको' सुरू केली होती. या माणसाचं काम मोठं आहे, 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना उगाच मिळाला नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या मोन्सँटोने महिकोत 26 टक्के भाग घेतला, आणि दोघांची मिळून 'महिको मोन्सँटो बायोटेक' ही कंपनी उभी राहिली. मार्च 2002 मध्ये तिच्या बोंडअळीरोधक बीटी कापसाला परवानगी मिळाली.

450 ग्रॅमचं पाकीट, किंमत सुमारे 1,600 रुपये. त्यातले जवळपास 1,250 रुपये नुसतं तंत्रज्ञान शुल्क. बियाणं तयार करणारी कंपनी कोणतीही असो, शुल्क जाणार एकाच ठिकाणी. दुकानात पन्नास रंगांची पाकिटं, आत जनुक एकच. बाहेरून बघणाऱ्याला ही स्पर्धा वाटते, आणि इथेच सगळे फसतात.

जानेवारी 2006 मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं. मे महिन्यात आयोगाने अंतरिम आदेश देऊन शुल्क कमी करायला सांगितलं. आंध्रने पाकिटाचा भाव 750 रुपये ठरवला, इतर कापूस-राज्यं मागोमाग आली. महाराष्ट्राने 2009 मध्ये कापूस बियाण्याच्या भावासाठी स्वतंत्र कायदाच केला.

सरकारने भाव ठरवावा का, हा वाद जुना आहे. आपल्या फिकहच्या परंपरेत भाव बाजारावर सोडण्याकडे कल आहे. पण चौदाव्या शतकात वारलेल्या इब्न तैमियांनी 'हिस्बा'वर लिहिताना एक भेद केला: विक्रीचा हक्क मोजक्या हातांत अडकला असेल, तर भाव ठरवून देणं हे राज्यकर्त्याचं कर्तव्य ठरतं. 2006 चं पाकीट या वर्णनात अगदी नेमकं बसतं.

केंद्राने डिसेंबर 2015 मध्ये देशभरासाठी भाव नियंत्रण आदेश काढला. मार्च 2016 मध्ये 'बोलगार्ड-2' च्या पाकिटाचा कमाल भाव 800 रुपये आणि त्यातलं शुल्क 49 रुपये ठरलं. 2020 पासून शुल्क शून्य आहे. भाव उतरला, हे खरंच. स्पर्धा मात्र आली नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश दिला. बियाणे कंपन्यांशी केलेल्या करारांतल्या कडक अटींमुळे त्या दुसऱ्या कुणाचं तंत्रज्ञान घ्यायला कचरतात, असं आयोगाला प्रथमदर्शनी दिसलं. चौकशी कोर्टात अडकली. जुलै 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की पेटंटच्या परवान्यांचा विषय पेटंट कायद्याचा आहे, स्पर्धा आयोगाचा नाही. सात वर्षं गेली, आणि अटी योग्य होत्या की अयोग्य यावर निकाल लागलाच नाही.

मला सर्वात जास्त चुटपुट लागते ती 'बिकानेरी नरमा बीटी'ची. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासोबत हे सरळ वाण काढलं. सरकारी बीटी, स्वस्त, आणि राखून पुन्हा पेरता येणारं. म्हणजे कापसाच्या शेतकऱ्याला कणगी परत मिळणार होती. 2009 मध्ये ते शेतात आलं आणि लगेच मागे घ्यावं लागलं, कारण बियाण्यात मोन्सँटोचंच जनुक सापडलं. डॉ. सोपोरी समितीने चौकशी केली, संशोधन संस्थांच्या ढिसाळपणावर ठपका आला. खासगी मक्तेदारीवर आपण खूप बोलतो. सरकारी प्रयोगशाळेतल्या या गोंधळाने शेतकऱ्याचं किती नुकसान केलं, त्यावर कुणी बोलत नाही.

दरम्यान गुलाबी बोंडअळी दोन जनुकांच्या कापसालाही जुमानेनाशी झाली. 2017 मध्ये विदर्भात तिचा कहर झाला. पाकीट स्वस्त झालेलं होतं, पण खर्च फवारणीवर गेला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. फवारणीचा पंप पाठीवर घेणारा बहुतेक वेळा रोजंदारीवरचा माणूस असतो. बियाण्याच्या भावाच्या कुठल्याच हिशेबात तो नव्हता.

जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील बियाणं उघडपणे पेरलं आणि गुन्हे अंगावर घेतले. निंदणीची मजुरी परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते बियाणं आजही चोरवाटेने गावोगाव पोचतं. त्याच्या पाकिटाला बिल नसतं. उगवलं नाही, तर तक्रार घेऊन जायला जागा नसते.