पळसाची लाख आणि जाझची तबकडी



जाझ हा विषय चंद्रपूरच्या वसंत व्याख्यानमालेत कसा आला, असा प्रश्न आपणांपैकी पुष्कळांच्या मनात उभा राहिला असेल. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी कृष्णवर्णीय वादकांच्या हातून जन्मलेले हे संगीत कोठे, आणि इरई-झरपटच्या काठचे हे गोंड राजांचे नगर कोठे! या दोहोंचा धागा जुळवून देणारी वस्तू मात्र आपल्या रानातलीच आहे. फाल्गुन लागला की ज्या पळसाने आपली जंगले पेटल्यासारखी दिसतात, त्याच्या फांद्यांवर, तसेच बोरीवर व कुसुमावर, लाखेचा किडा पोसला जातो. या लाखेवाचून ग्रामोफोनची तबकडी झाली नसती, आणि तबकडीवाचून जाझ या संगीताचे पहिले अर्धशतक आज आपल्या कानी पडले नसते.

लाख आपल्याला जुनीच ओळखीची आहे. महाभारतातील लाक्षागृह कोणास ठाऊक नाही? लाखेच्या बांगड्या, लाखेची मोहोर, लाखेचा तांबडा रंग यांवर कित्येक कारागिरांची पोटे भरत आली. किड्यांचे बीज असलेल्या काड्या झाडाच्या कोवळ्या डहाळ्यांना बांधतात. त्यांतून निघालेले सूक्ष्म जीव डहाळीचा रस शोषतात आणि आपल्या अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतात. ती डहाळी तोडावयाची, कवच खरवडावयाचे, कुटून धुवावयाचे, मग लांब कापडी पिशवीत भरून विस्तवासमोर पिळावयाचे. वितळून बाहेर आलेला रस कारागीर हातापायांनी आणि प्रसंगी दातांनीही धरून चादरीसारखा ताणतो. ती चादर वाळून फुटली म्हणजे तिचा चपडा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग निघाले आणि लाखेच्या रंगाचा व्यापार बुडाला. आता या किड्याला कोण विचारतो, असे वाटत असतानाच गाण्याचे यंत्र त्याच्या मदतीस धावून आले.

एमिल बर्लिनर हा मूळचा जर्मनीतील हॅनोव्हर शहराचा. अमेरिकेत जाऊन त्याने १८८७ साली ग्रामोफोनची कल्पना सिद्ध केली. गाणे सपाट चकतीवर कोरावयाचे आणि तिच्या साच्यावरून हजारो प्रती दाबून काढावयाच्या, ही त्यातली मुख्य युक्ती. प्रती दाबण्यासाठी असा पदार्थ हवा, की जो उष्णतेने मऊ होऊन केसासारखी बारीक रेषाही टिपून घेईल आणि निवताच दगडासारखा कठीण होईल. काही खटपटीनंतर ही जागा चपड्याने घेतली. तबकडीत लाखेचा वाटा साधारणतः पाचव्या हिश्शाच्या आसपास असे. उरलेला भाग दगडाची पूड, काजळी व थोडे कापसाचे तंतू यांचा. लाखेचे काम सर्वांना बांधून ठेवण्याचे. दगडाच्या पुडीचेही एक काम असे. पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या मापाची होई. म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी सुई लावावी लागे, आणि म्हणूनच गाण्यामागे तो पावसाच्या सरीसारखा खरखराट ऐकू येई.

फ्रेड गैसबर्ग हा इंग्रज कंपनीचा माणूस १९०२ साली कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान प्रभृतींचे गाणे मुद्रित केले. त्या मुद्रिका छापावयाला हॅनोव्हरला जात व तेथून तयार होऊन परत येत. हिंदुस्थानची लाख समुद्रापार जावयाची आणि हिंदुस्थानचे गाणे पाठीवर घेऊन माघारी यावयाची, असा तो उलटसुलट प्रवास. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच सियालदा येथे कारखाना निघाला व १९२८ साली तो डमडमला गेला. छोटा नागपूर हे लाखेचे मोठे आगर. त्या खालोखाल मध्य प्रांताची जंगले, आणि तेव्हाचा चांदा जिल्हा मध्य प्रांतातच होता. ही सारी लाख बाजारात एकत्र मिसळत असे. कोणत्या रानातील लाख कोणत्या तबकडीत गेली, याचा हिशेब व्यापाऱ्याने ठेवला नाही. आणि ती गोळा करणाराला तर आपण काय गोळा करीत आहोत, याचीही कोणी वार्ता दिली नाही.

आता जाझकडे वळू. हे संगीत कागदावर पुरते उतरत नाही. चाल ठरलेली असते, तिच्याखालची स्वरसंगतीची चौकटही ठरलेली असते. परंतु त्या चौकटीत वादक जे ऐनवेळी रचतो, तेच खरे जाझ. आपल्या ख्यालगायनाशी याचे नाते जुळते ते येथे. बंदिश एकच, पण मैफल रोज नवी. अशा संगीतात जे वाजले ते वाऱ्यावर गेले, मुद्रिका झाली असेल तरच ते उरले. १९०० च्या सुमारास न्यू ऑर्लिन्समध्ये बडी बोल्डन नावाचा कॉर्नेटवादक गाजत होता. पुढच्या वादकांनी त्याला आपला आद्य पुरुष मानले. १९०७ साली तो वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १९३१ साली तेथेच वारला. त्याच्या वादनाची एकही मुद्रिका आज उपलब्ध नाही. उरल्या त्या आठवणी व दंतकथा. जाझची म्हणून जी पहिली तबकडी निघाली, ती १९१७ साली, आणि तीही एका गोऱ्या वाद्यवृंदाची. लुई आर्मस्ट्राँगची कीर्ती जगभर झाली, त्याचे कारण १९२५ पासून त्याच्या तबकड्या निघाल्या. दहा इंची तबकडीवर सुमारे तीन मिनिटे मावत. तेवढ्यात सारे सांगावयाचे, ही सक्ती जाझवाल्याला झाली तशीच अब्दुल करीम खाँसाहेबांनाही झाली. तासभर फुलणारा राग तीन मिनिटांत बसवताना त्यांनी जे साधले, ते आजही ऐकावे.

मुंबईत हे संगीत फार उशिरा आले असे नाही. १९३५ साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. गोव्याच्या चर्चशाळांतून पाश्चात्य स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांनी हे संगीत चटकन् आत्मसात केले. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला लोक चिक चॉकोलेट म्हणत, हा त्यांतला गाजलेला ट्रम्पेटवादक. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटात अशाच वादकांना हाताशी धरले. त्या गाण्यांवर खेड्यापाड्यांतून लोकांनी ठेका धरला. जाझ ऐकतो आहोत हे त्यांना कळले नाही, एवढेच. पुढे १९६३ साली ड्यूक एलिंग्टन व १९६४ साली खुद्द आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेले.

लाखेचे महत्त्व जगाला उमगले ते मात्र ती मिळेनाशी झाली तेव्हा. दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्ग धोक्यात आले आणि लाख युद्धकार्याला लागू लागली. १९४२ साली अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक मर्यादा घातली. जुन्या तबकड्या गोळा करून, दळून त्यांतून नव्या काढण्यापर्यंत वेळ आली. त्याच वर्षी ऑगस्टपासून तेथील वादकसंघाने मोबदल्याच्या वादावरून मुद्रणावर बहिष्कार घातला, तो दोन वर्षे चालला. नेमक्या याच काळात न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी प्रभृती तरुण मंडळी जाझला नवे वळण देत होती. त्या वळणाचे आरंभीचे दिवस बहुतांशी मुद्रित झालेच नाहीत. इतिहासातील एवढे मोठे पान कोरे राहिले.

युद्ध संपल्यावर १९४८ साली कोलंबिया कंपनीने व्हिनाईल नावाच्या कृत्रिम द्रव्याची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी काढली. ती पडून फुटत नसे, खरखर कमी, आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत. जाझवाल्याच्या पायांतली बेडी तुटली. एलिंग्टनने १९५० साली आपली एक जुनी तीन मिनिटांची रचना पंधरा मिनिटांहून अधिक विस्ताराने मुद्रित केली. तबकडीला मोठे वेष्टन आले. त्यावर कोण कोणते वाद्य वाजवतो, कोणत्या दिवशी, हे छापून येऊ लागले. जाझचा इतिहास प्रथम लिहिला तो अशा तपशिलांच्या मागे लागलेल्या संग्राहकांनी. फ्रान्सच्या शार्ल दलोने याने तर १९३६ सालीच जाझच्या मुद्रिकांची सूची छापली होती. आमच्याकडे लाखेची तबकडी १९६० नंतरही काही वर्षे निघत राहिली. इंग्लंडच्या बीटल्सची गाणीसुद्धा भारतात तिच्यावर निघाली. परंतु जगाच्या बाजारात लाखेचे मोठे गिऱ्हाईक तुटले ते तुटलेच, आणि त्याचा फटका रानातल्या माणसाला बसला.

नंतर कॅसेटचे दिवस आले आणि गेले. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली. १७ ऑगस्ट १९८२ रोजी तिचे व्यापारी उत्पादन सुरू झाले, आणि तेही पुन्हा हॅनोव्हरजवळच, लांगेनहागेन येथे. पुढच्या नऊच दिवसांनी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या दोन तारखांत कार्यकारणभाव काहीच नाही. पण ज्या रानाची लाख तबकडीच्या कामाची होती, त्याच्या नव्या जिल्ह्याचा आणि तबकडीच्या नव्या अवताराचा जन्म एकाच महिन्यात व्हावा, हा योगायोग ध्यानात राहण्यासारखा आहे. सीडीवर स्वराची लाट कोरलेली नसते. दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्या लाटेचे माप घेऊन ते आकड्यांनी नोंदलेले असते, व ते आकडे प्रकाशाचा किरण वाचतो. सुई नाही म्हणून घर्षण नाही, घर्षण नाही म्हणून झीज नाही. एका चकतीत ७४ मिनिटे.

यावरून रसिकांत दोन तट पडले. एक म्हणतो, व्हिनाईलच्या स्वरात ऊब आहे, सीडी कोरडी. दुसरा म्हणतो, ती ऊब म्हणजे यंत्राचा दोष. आम्हाला वादक ऐकावयाचा आहे. या वादाचा निवाडा करण्यास माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या १९५९ सालच्या तबकडीचे उदाहरण पुरे आहे. पहिल्या दिवशीच्या बैठकीत मुद्रणयंत्र किंचित सावकाश फिरत होते. त्यामुळे तबकडीची पहिली बाजू वाजताना थोडी जलद व चढ्या स्वरात वाजे. जाझमधील सर्वांत लोकप्रिय म्हणावी अशी ही तबकडी तीस वर्षांहून अधिक काळ जगाने चढ्या स्वरात ऐकली. १९९२ सालच्या सीडी-आवृत्तीत ती चूक दुरुस्त झाली. मूळ तबकडी जपून ठेवणारा वेडा, असे मात्र यावरून म्हणता येणार नाही. त्या काळी लोकांनी प्रत्यक्ष काय ऐकले, याचा पुरावा तीच. उलट पुष्कळ सीडींत जुन्या खरखरीबरोबर वाद्याचा बारीक नादही पुसला गेला आणि आवाज विनाकारण मोठा केला गेला. कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच. प्रत्येक साधन काही राखते आणि काही गमावते. अमेरिकेत २०२० साली व्हिनाईलच्या विक्रीचे उत्पन्न पुन्हा सीडीच्या पुढे गेले, आणि २०२२ साली नगांची संख्याही. ज्याला लोकांनी माळ्यावर टाकले होते, त्याचीच आता शोधाशोध चालू आहे.

मग आपण काय करावे? आपल्या गावात जुन्या घरांतून लाखेच्या तबकड्या अद्याप निघतात. नाट्यगीतांच्या, भजनांच्या, क्वचित परदेशी वाद्यवृंदांच्याही. त्या भंगारवाल्याला देऊ नयेत. त्या उभ्या ठेवाव्यात, कारण चंद्रपूरचा उन्हाळा आडव्या ढिगाचे काय करील हे सांगावयास नको. त्या स्पिरिटने कधीही पुसू नयेत, कारण लाख स्पिरिटात विरघळते. जाणकाराकडून त्यांची आकड्यांतली प्रत करून घ्यावी, आणि प्रत झाली तरी मूळ तबकडी जपावी. घरी भरलेल्या सीडींचेही ऊन व दमट हवेपासून रक्षण करावे. त्याही अमर नाहीत.

परंतु याहून मोठे काम दुसरे आहे. ज्या रानांनी जगाच्या गाण्याला अंग दिले, त्या रानांतील माणसांचे गाणे त्या तबकडीवर कितीसे चढले? माडियांचा रेला, गोंडांची लग्नगीते, ढोलाचे गावोगाव पालटणारे ठेके, हे सारे जाझसारखेच तोंडी व ऐनवेळी घडणारे. कागदावर त्याचे शब्द उतरतील. लय, दम, गाणाराने मध्येच घेतलेली फिरत उतरणार नाही. न्यू ऑर्लिन्सचा बोल्डन हातचा गेला, तेव्हा यंत्र दुर्मीळ होते, ही सबब तरी सांगता येते. आज यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. आपल्याला ती सबब उरलेली नाही. मात्र हे काम गाणाराच्या संमतीने व्हावे. त्याचे नाव, गाव, दिवस लिहून व्हावे, आणि त्याची एक प्रत त्याच्या गावाकडे राहावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, त्यात लाखेवरही, वनवासींचा हक्क मान्य केला आहे. लाखेवर ज्यांचा हक्क, त्यांच्या गाण्यावर त्यांचा हक्क त्याहून कमी कसा म्हणता येईल?

संग्रह करणे म्हणजे दुर्मीळ वस्तूंनी कपाट भरणे एवढेच नव्हे. जे एकदाच घडले, ते पुढच्याच्या कानी पोचावे म्हणून केलेली ती तजवीज आहे. ज्यांनी फुटक्या तबकड्या हलक्या हाताने उचलून ठेवल्या, त्यांच्यामुळे एका दूरच्या खंडातील शंभर वर्षांपूर्वीचा ट्रम्पेट आज चंद्रपुरात ऐकू येतो. शंभर वर्षांनी भामरागडचा ढोल कोणाला ऐकू यावा असे आपणांस वाटत असेल, तर तो उचलून ठेवण्याचे काम या पिढीचे आहे.