महाबळेश्वरच्या तुरुंगातले चिनी आणि मलय

थंडी पडली की अंबरनाथ स्टेशनबाहेर स्ट्रॉबेरीच्या गाड्या लागतात आणि 'महाबळेश्वरची, महाबळेश्वरची' अशी ओरड सुरू होते. 2010 साली या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ही त्याच मातीची असा सरकारी शिक्काच बसला. पण त्या मातीत विलायती भाजीपाला रुजवण्यासाठी ज्यांचे हात राबले, ती माणसं तिथली नव्हती. समुद्रापलीकडून आणलेले कैदी होते ते.

मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमने 1829 साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून हा डोंगर घेतला आणि बदल्यात खंडाळा गाव दिलं. साहेबांना हवा खायला जागा मिळाली, पण रस्ते कोण करणार? काही वर्षांतच तिथे तुरुंग उभा राहिला. त्यात चिनी आणि मलय मिळून सुमारे 120 कैदी होते.

इतक्या लांबून माणसं आणायचं कारण काय? कंपनीचा हिशेब साधा होता. हिंदुस्थानातले कैदी ती पेनांग, मलाक्का, सिंगापूरला पाठवत होती. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल आणि गव्हर्नरचा बंगला अशाच हिंदुस्थानी कैद्यांनी बांधला. तिकडचे शिक्षा झालेले इकडे आले. आपल्या मुलखात कैदी पळाला तर भाऊबंद लपवतात. सह्याद्रीत पळालेला चिनी माणूस जाणार कुठे? चेहरा आणि भाषा याच त्याच्या बेड्या.

तुरुंग म्हटलं की आपल्याला ठाण्याच्या किल्ल्यातल्या जेलसारख्या भिंती आठवतात. महाबळेश्वरचे कैदी मात्र दिवसा बाहेर असत. तिथले बहुतेक रस्ते त्यांनी केले किंवा सुधारले. मेकॉले ज्या समितीत होता तिने 1838 च्या अहवालात कैद्यांना रस्त्याच्या कामाला लावू नये, भिंतीआड कंटाळवाणं, कष्टाचं काम द्यावं, असं सुचवलं होतं. पण कैद्याला बाजारभावाने मजुरी द्यायची नसते. अशा वेळी अहवाल कपाटात राहतात, हे आपल्याला नवीन नाही.

जे तुरुंगात मागे राहत, ते आरारूट तयार करत. कंद धुवायचा, कुटायचा, पाण्यात कालवून गाळायचा, तळाशी बसलेलं सत्त्व वाळवायचं. ही पांढरी पूड मुंबईच्या लष्करी कोठाराला जाई. आजारी माणसाला पचायला हलकी म्हणून तिची लापशी देत. तुरुंगाबाहेर त्यांचे मळे होते. लोक स्ट्रॉबेरीच्या गोष्टी सांगतात, मला त्यांचा बटाटा जास्त मोलाचा वाटतो. स्ट्रॉबेरी साहेबाच्या टेबलावर गेली, बटाटा सगळ्यांच्या चुलीवर आला.

1864 मध्ये तुरुंग बंद झाला. सुटकेचा परवाना मिळालेले काही चिनी तिथेच मळे करून राहिले. 1885 च्या सातारा गॅझेटियरमध्ये त्यांच्या कामाचं कौतुक आहे, आकडा आहे, नाव मात्र एकाचंही नाही. शिक्षा कसली झाली होती, घरी कोण होतं, तेही नाही.

मलय म्हणजे बहुतेक मुसलमान. त्यामुळे मला उगाच प्रश्न पडतात. रमजानचा चांद त्यांना कोण सांगत असेल? त्यातला कुणी गेला तर जनाज्याची नमाज कुणी पढवली असेल? दक्षिणेतला मुसलमान कुठून आला, हा प्रश्न आपल्याला चहाच्या टपरीवरही विचारला जातो. बटाटा कुठून आला, हे कुणी विचारत नाही.

आमच्या शेजारच्या उल्हासनगरात आजही लोक पत्ता 'कॅम्प नंबर चार' असा सांगतात. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची खूण तिथे पत्त्यातच शिल्लक आहे. महाबळेश्वरात चिनी कैद्यांच्या नावाने एक धबधबा आहे, चायनामन फॉल. पर्यटक तिथे फोटो काढतात. मलयांच्या नावाने तेवढंही नाही.