विंचू उतरविण्याची विद्या

निपाणीकडील शेतांत काय किंवा बेळगावकडील जुन्या कौलारू घरांत काय, विंचवाची ओळख आम्हां सीमाभागातील लोकांस निराळी करून द्यावयास नको. नांगी लागली की माणसास देवळात आणावयाचे, जाणत्याने मंत्र म्हणत विंचू उतरवावयाचा आणि अंगारा लावावयाचा, ही रीत पिढ्यान् पिढ्यांची. नाथमहाराजांनी तर भारुडात विंचवास कामक्रोधाचे रूप दिले. मंत्राने गुण येई असे जुनी माणसे सांगत, त्यात लबाडी नव्हती. बहुतेक दंशांतील कळ काही तासांनी आपोआप ओसरते. ज्यांच्या अंगात विष भिनले, त्यांचा मात्र या विलंबाने घात होई. त्यांत लेकरेच अधिक.

हा घात कसा होतो, ते कोकणात उमगले. महाडजवळील बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेविल्या: दरदरून घाम, वांती, थंडगार हातपाय, आणि मग फुप्फुसांत पाणी. तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंस खवळविते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भार पडतो. तो आवळ सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबावरील साधी गोळी त्यांनी योजिली. १९८६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिची हकीकत आली. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. खेड्यातील वैद्याचे हे यश आम्हांस कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेच्या यशाहून थोर वाटते.

प्राण वाचू लागले, तरी कळ राहिलीच. तिच्याविषयी मोठा उलगडा केला तो अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटातील एका टोळखाऊ उंदराने. हा प्राणी विंचू मारून खातो. नांगी लागली तर क्षणभर पंजा चाटतो आणि पुन्हा भक्ष्याकडे वळतो! ॲशली रोव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली यातील मर्म प्रसिद्ध केले. वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंत सोडियमची ये-जा करणारी सूक्ष्म द्वारे असतात. त्यांपैकी 'एनएव्ही १.८' या द्वाराची घडण या उंदरात किंचित बदललेली आहे. विष तेथे चिकटते आणि द्वारच बंद करते. म्हणजे विष हेच वेदनाशामक! वाचकांस नीलकंठाची आठवण झाल्यास नवल नाही. परंतु उंदराचे हे सामर्थ्य तपाचे नव्हे, असंख्य पिढ्या विंचू खाऊन जगण्याचे आहे.

अफूपासून होणारी औषधे मेंदूवर अंमल करतात आणि त्यांचे व्यसन जडते. हे द्वार मुख्यत्वे मेंदूबाहेरील वेदनातंतूंत असल्याने संशोधकांचे लक्ष त्याकडे वळले होते. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकन सरकारने सुझेट्रिजीन ही तेच द्वार रोधणारी गोळी मान्य केली. ती उंदरापासून काढलेली नव्हे, आणि तिची परीक्षा झाली ती शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांवर. शिवाय ॲरिझोनाचा विंचू आणि आमचा तांबडा विंचू एक नव्हेत. कळ थांबली म्हणून विष उतरले असे होत नाही. घाम आणि वांती सुरू झालेल्या लेकरास आजही इस्पितळातच न्यावे लागते.