बदनापूर येथील मोटारीचें छायाचित्र व 'सन १३३०'

बदनापूर येथील एका जुन्या घराण्याच्या संग्रहांत मोटारीचीं दोन छायाचित्रें आहेत. कागदपत्रें पाहण्याच्या निमित्तानें तीं गेल्या वर्षीं आमच्या दृष्टीस पडलीं. दोन्ही जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेलीं आहेत. पहिल्यांत मोटार सबंध बाजूनें दिसते; दुसऱ्यांत ती समोरून दिसते व तिच्या मागें पटके बांधलेले चार इसम उभे आहेत. या दुसऱ्या चित्राच्या पाठीवर मोडी अक्षरांत 'सन १३३०' एवढेंच लिहिलेलें आहे. महिना नाहीं, मिति नाहीं, नांव नाहीं.

घराण्यांतील वृद्धांची समजूत अशी कीं, हा सन हिजरी असून मोटार खुद्द निजामाची, म्हणजे 'रोल्स', होय. हिजरी १३३० म्हणजे डिसेंबर १९११ ते डिसेंबर १९१२. मीर महबूब अली खान हे ऑगस्ट १९११ मध्यें वारले व मीर उस्मान अली खान गादीवर आले. नव्या निजामाची स्वारी या मार्गानें गेली तेव्हां आपल्या पूर्वजानें तिचें स्वागत केलें, असें येथें सांगतात. ही गोष्ट केवळ कौतुकाची असती तर तिच्या वाटेस जाण्याचें आम्हांस कारण नव्हतें. परंतु त्याच दप्तरांत नुसत्या आंकडी सनाच्या आठ-दहा पावत्या व एक वांटणीचा कागद आहे. आणि या छायाचित्राच्या आधारें ते सर्व सन हिजरी धरून घराण्याची वंशावळ लावण्यांत आली आहे. म्हणजे एका मोटारीच्या ओळखीवर तीन पिढ्यांचा काल अवलंबून राहिला आहे.

निजामाच्या राज्यांत मुलकी व्यवहार फसली सनानें चालत, हें वाचकांस ठाऊक आहेच. तेथील फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं आजूर महिन्यानें सुरू होई, आणि त्यांत ५९० मिळविले असतां त्या ऑक्टोबरचें इसवी वर्ष मिळतें. सबब फसली १३३० म्हणजे ऑक्टोबर १९२० ते ऑक्टोबर १९२१. दोन वाचनांत नऊ वर्षांचें अंतर पडतें. पाठीवर 'मोहरम' किंवा 'बहमन' असा एखादा महिना लिहिला असता, तर हा लेख लिहावा लागला नसता. तो नसल्यामुळें साक्ष मोटारीचीच काढणें प्राप्त आहे.

प्रथम, चित्र उलटें छापलें गेलें नाहीं ना, हें पाहणें अवश्य होतें. कारण कांचेची मूळ प्रत उलटी ठेवून छापल्यास उजवें तें डावें होतें. समोरच्या पट्टीवरील क्रमांकाचे पहिले दोन आंकडे सुलट वाचतां येतात, यावरून ती शंका फिटते. सुकाणूचें चाक उजव्या हातास आहे.

दुसरी गोष्ट मापाची. बाजूनें घेतलेल्या चित्रांत पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर चाकाच्या व्यासाच्या सुमारें ३⅓ पट भरतें. त्या काळच्या रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट मोटारीचें हें अंतर १३५½ किंवा १४३½ इंच असे व तिचीं चाकें ३५ इंचांच्या आसपास असत. म्हणजे प्रमाण पावणेचारपासून चारपटीपर्यंत जातें. शिवाय देवळाच्या दर्शनी भागासारखा तिचा तो चौकोनी रेडिएटर येथें मुळींच नाहीं. १९१२ सालची निजामाची पिवळी रोल्स, बार्कर यांनीं बांधलेली व सिंहासनवजा उंच आसनाची, हैदराबादेस चौमहल्ला राजवाड्यांत ठेवलेली आहे. ती फारच थोडी चालली. तिचा व या चित्राचा कांहीं संबंध नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें इष्ट आहे. चित्रांतील मोटार काळी दिसते व निजामाची पिवळी होती, एवढ्यावरून वाद मिटला असें कोणी म्हणेल तर तें ग्राह्य नाहीं. जुन्या साध्या कांचा निळ्या प्रकाशास तेवढ्या झटकन वश होत; पिवळा व तांबडा रंग त्यांवर काळवंडून उमटे. पिवळी मोटारही अशा चित्रांत काळीच दिसली असती. रंगाचा पुरावा आम्हीं म्हणून बाजूस ठेवला आहे.

३⅓ हें प्रमाण फोर्डच्या 'टी' मोटारीशीं तंतोतंत जुळतें: आंसांतील अंतर १०० इंच, चाकें ३० इंच. पण शेव्हरोले ४९० चें अंतर १०२ इंच असल्यामुळें जुन्या चित्रावरील मापानें या दोहोंची निवड होत नाहीं. ती कमानपाट्यांनीं होते. समोरच्या चित्रांत पुढील आंसावर आडवा पसरलेला एकच पाटा स्पष्ट दिसतो. ही रचना फोर्डची. शेव्हरोलेचे पाटे लांबीच्या दिशेनें, चतुर्थांश कमानीचे असत. उजव्या हाताच्या सुकाणूवरून मोटार कानडांतील फोर्डच्या कारखान्यांतून आलेली असावी. ब्रिटिश बेटें वगळून साम्राज्यांतील बहुतेक मुलखांस माल तेथूनच जाई.

आतां काल. १९१२ च्या फोर्डचा रेडिएटर पितळेचा, बॉनेट आखूड व सपाट, समोरचे दिवे कार्बाइडच्या वायूचे असत व तो वायु तयार करणारी डबी पायरीवर बसविलेली असे. १९१५ पासून समोरचे दिवे विजेचे झाले, आणि ऑगस्ट १९१६ पासून पितळ जाऊन काळ्या पत्र्याचें वेष्टण व गोलाईचें, मागें रुंदावत जाणारें बॉनेट आलें. आमच्या चित्रांत वेष्टण काळें, बॉनेट गोलाईचें, मडगार्ड वांकदार, पायरी रिकामी. पितळ झांकण्यासाठीं कोणी काळा रंग दिला असेल, ही शंका आम्हींच घेऊन पाहिली. परंतु रंगानें बॉनेटाचा आकार बदलत नाहीं. ऑगस्ट १९१६ पूर्वीं ही मोटार जगांत कोठेंच नव्हती. तेव्हां १३३० हा सन हिजरी असूं शकत नाहीं, फसलीच होय.

स्वारीच्या कथेविषयीं थोडें. विसाव्या शतकाच्या आरंभींच मनमाडहून निघणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे बदनापुरावरून गेलेली होती; निजामास इकडे यावयाचें असतें तर तो बहुधा खास गाडीनेंच आला असता. निजामाच्या रेल्वेची मोटारसेवा २७ गाड्यांनिशीं १९३२ मध्यें निघाली. त्यापूर्वीं अशा गांवीं मोटार दिसणें हेंच छायाचित्र काढण्यास पुरेसें कारण होतें. ती घराण्याची होती कीं एखाद्या पाहुण्याची, हें चित्रावरून ठरत नाहीं.

वंशावळीकडे वळूं. सरकारी भरण्याच्या पावत्यांवरील सन आतां फसली धरणें भाग आहे. खाजगी वांटणीच्या कागदास हा न्याय आपोआप लागत नाहीं. खाजगी लिहिणारा आपल्या संवयीचा सन घालतो. पण त्या कागदावर 'सन १३२८' असून, दोघे भाऊ एकाच महिन्यांत सांथीच्या तापानें गेल्यामुळें वांटणी करावी लागली, असें त्यांत नमूद आहे. फसली १३२८ ऑक्टोबर १९१८ मध्यें लागतें, आणि त्याच शरद ऋतूंत इन्फ्लुएंझानें दक्षिणेंत हाहाकार उडविला. हिजरी धरल्यास साल १९१० येतें. प्लेग त्या सुमारासही होता, म्हणून हा दुवा पहिल्याइतका बळकट नाहीं. तरी आमचा कल फसलीकडेच आहे. तसें असल्यास वंशावळींत १९१० सालीं मृत म्हणून दाखविलेले ते दोघे भाऊ आणखी आठ वर्षें हयात होते, व आज धाकट्या शाखेच्या नांवावर असलेल्या पावत्यांपैकीं निदान चार त्यांनींच भरलेल्या आहेत.