वाळूच्या ढिगावरची लेकरं

परवा आमच्या गल्लीत बांधकामाची वाळू पडली. दुपारी ढिगावर दोन कुत्री पसरलेली, संध्याकाळी तिथंच चार लेकरं किल्ला करत बसलेली. मी हटकलं तर शेजारच्या मावशी म्हणाल्या, "गरीब हायत ती, चावत नाहीत कुणाला."

चावत नाहीत, खरंय. पण इथं चाव्याचा प्रश्नच नाही. मोकाट कुत्र्यांवरचा आपला सगळा वाद चावा आणि रेबीजभोवती फिरतो (फिरायलाच हवा), विष्ठेतून मातीत उतरणाऱ्या जंतांच्या अंड्यांचं कुणी नावही काढत नाही. आणि ही माहिती कालची नाही.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणतो ना आपण? त्याच जर्मनीच्या फॉन सिबोल्ड या शास्त्रज्ञानं १८५३ मध्ये जनावरांच्या अवयवांतल्या पाण्याच्या गाठी कुत्र्यांना खाऊ घातल्या. पुढं त्यांच्या आतड्यात बारीक पट्टकृमी सापडले. या कृमींची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात, फुप्फुसात तशीच गाठ वाढते. तिला हायडॅटिड म्हणतात. आइसलँडमध्ये हा रोग घरोघर होता. १८६३ मध्ये क्राबे नावाचा डॅनिश पशुवैद्य तिथं गेला, त्यानं १०० कुत्री तपासली, २८ मध्ये हा कृमी निघाला. मग सोप्या भाषेतली पुस्तिका छापून फुकट वाटली. १८६९ मध्ये कुत्र्यांवर कायदा आला, १८९० च्या कायद्यानं दरवर्षी जंताचं औषध आणि गाठी असलेले अवयव नष्ट करणं सक्तीचं केलं. विसाव्या शतकात रोग तिथून गेला. लस नव्हती, मोठं यंत्र नव्हतं. आपल्याकडं मटणाच्या दुकानामागं कुत्र्यांपुढं काय फेकलं जातं, ते बघा एकदा.

वाळूतला धोका मात्र मुख्यतः दुसऱ्या जंताचा, टोक्सोकारा या गोलकृमीचा. पिल्लांना तो आईच्या पोटातच लागतो. १९५० मध्ये अमेरिकेत हेलेनोर वाइल्डर यांनी मुलांचे काढून टाकलेले ४६ डोळे तपासले. त्यातले बरेच कॅन्सरच्या संशयानं काढलेले. २४ डोळ्यांत कृमीच्या अळ्या निघाल्या. हे वाचल्यापासून वाळूत खेळणारं पोर दिसलं की माझा पाय थांबतो.

एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. या जंताची ताजी अंडी लगेच बाधत नाहीत, मातीत पिकायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्यात घाण उचलली तर काम झालं. राहिली तर वर्षानुवर्षं टिकतात, फिनाईललाही दाद देत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी, लसीकरणासोबत जंतनाशक औषधाचाही उल्लेख आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १९७२ पासून आपल्याच परभणीत आहे. तुमच्या भागात पकडलेल्या कुत्र्यांना जंताचं औषध देतात का? सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या मित्रांनीही सांगा.

ढिगावर आम्ही ताडपत्री टाकली. पोरं दोन दिवस रुसली माझ्यावर. कुत्री आता ताडपत्रीवर झोपतात.