कारतलबखानाचं पाणी

परवा आत्याचा फोन आला. "पुन्हा त्याच घाटात जाणार म्हणे तुम्ही?" 'त्याच' या शब्दावर असा काही जोर होता की मी फोन कानापासून जरा लांबच धरला.

तिचं बरोबर आहे म्हणा. मागच्या वेळी मार्चअखेरीला चावणीहून कुरवंडे घाट चढत होतो आणि अर्ध्या वाटेतच आमचं पाणी संपलं. तिच्या नातवाला ऊन लागलं. काय बोलतोय ते त्याचं त्याला कळत नव्हतं. वरून उतरणाऱ्या दोन गुराख्यांनी आपल्याजवळचं पाणी दिलं म्हणून निभावलं. ती दोन तासांची गोष्ट घरात अजून कुणी विसरलेलं नाही, मी तर नाहीच.

म्हणून यंदा ठरवलं, आधी नीट आखणी करायची. आणि आखणी करता करता नेहमीप्रमाणे भरकटलो. कारण याच घाटात, याच पाण्यापायी, माझ्याआधी एक मोठा माणूस फसलेला आहे.

शाळेत उंबरखिंडीचा धडा वाचताना कारतलबखानाला आपण सगळेच हसलो होतो. आता मला तेवढं हसू येत नाही.

१६६० च्या मे महिन्यात शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला. ऑगस्टमध्ये, जवळजवळ दोन महिने झुंजून, त्याने चाकण घेतलं. मग त्याची नजर उत्तर कोकणावर गेली. कल्याण, पनवेल, चौल, नागोठणे, म्हणजे खाडीकाठचा सगळा पैसा. ती कामगिरी मिळाली कारतलबखान या उझबेक सरदाराला. बरोबर माहूरच्या उदाराम देशमुखांची विधवा रायबागन आणि बरेच मातब्बर सरदार. चिंचवड, तळेगाव, वडगाव, मळवली करत, लोहगडाला बगल देऊन हे लटांबर कुरवंड्याच्या माथ्यावर आलं.

आता खानाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. बोरघाट हा राबता मार्ग, तिथे शत्रू वाट अडवून बसलेला असणारच. मग आडवाटेने गुपचूप कोकणात उतरावं, हे कागदावर काय वाईट आहे? मीही तेच केलं असतं. (केलंही. 'नेहमीच्या वाटांना गर्दी असते' म्हणून हा घाट शोधणारा मीच.)

चूक पुढे आहे. आडवाट ही चार माणसांना आड असते. घोडी, तोफा-बंदुका, ओझी आणि हजारो माणसं घेऊन निघाल्यावर तिचं गुपित कसलं राहतं? नागफणीच्या शेजारून उतरणारी ती वाट अशी की दोन माणसं शेजारी चालली तर एकाला कडेच्या झुडपात शिरावं लागतं. म्हणजे फौजेची झाली माळ. वाटेत कुणी अडवलं नाही, कुठे एक बाण सुटला नाही. महाराजांची माणसं रानात दबा धरून होती आणि माळेचे मणी मोजत होती. सगळी फौज खाली खिंडीत उतरली तेव्हा पुढची वाट बंद झाली आणि मागचीही. मग वरून बाण, गोळ्या, दगडधोंडे.

पण मला छळतं ते पाणी. शिवभारतात परमानंदांनी या लढाईचं वर्णन केलंय (तंजावरला सापडलेल्या या संस्कृत काव्याची प्रत दिवेकरांनी १९२७ साली छापली). त्यात वारा पडलाय आणि सैन्य तहानेने व्याकूळ झालंय. कवीची अतिशयोक्ती असेल असं मला आधी वाटायचं. भर दुपारी त्या खिंडीत उभा राहिलो तेव्हा कळलं. समुद्र फार लांब नाही, पण त्याचा वारा आत येतच नाही. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये तापलेले दगड. अंबा नदी समोर दिसते आणि फौजेला तिच्यापर्यंत जाता येत नाही!

शेवटी तोंड उघडलं ते रायबागनने. खानाला तिने स्पष्ट सुनावलं, की इथे शिरणं हीच चूक होती, आता सगळे मरण्याआधी शरण जा. खानाने ऐकलं. वकील पाठवला, खंडणी दिली, सामानसुमान तिथेच टाकलं आणि माणसं जिवंत परत नेली. पुढे महाराजांनी मोगलांवर नजर ठेवायला नेताजी पालकरांना मागे ठेवलं आणि स्वतः दाभोळ, संगमेश्वर, राजापूरकडे उतरले. तो वेगळाच विषय, पुन्हा कधीतरी.

लढाईची तारीख २ फेब्रुवारी १६६१. फेब्रुवारी! अजून उन्हाळासुद्धा लागलेला नव्हता. आणि आम्ही गेलो होतो मार्चअखेरीला, तेही खोपोलीत मिसळ खाऊन साडेदहाला चढायला लागलो होतो. म्हणजे खानापेक्षा मीच...

असो. तर आता आखणी. जानेवारीतला दुसरा रविवार. आदल्या रात्री चावणीत मुक्काम, सहाला चढाई सुरू. हा कडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळभर वाट सावलीत असते. ही एवढी साधी गोष्ट मागच्या वेळी सुचली नाही. पाणी माणशी चार लिटर. गावातला एक वाटाड्या बरोबर. निम्मं पाणी संपलं आणि निम्मी चढण बाकी असली, तर मागे फिरायचं. वाद नाही.

रायबागनचं काम वहिनीकडे दिलंय. 'फिरा मागे' असं ती म्हणाली की मी काहीही बोललो तरी ऐकायचं नाही, असं बाकीच्यांना सांगून ठेवलंय. तिने हे पद जरा जास्तच आनंदाने स्वीकारलं.

राहिला प्रश्न नातवाचा. त्याला यायचंय. मला दोनदा विचारून झालंय त्याचं, आणि मी दोन्ही वेळा 'आजीला विचार' म्हणून अंग काढून घेतलं. आत्या, तू हे वाचशील हे मला ठाऊक आहे. वर सगळं लिहिलंय, वेळा, पाणी, कोण कोण येणार ते. काही राहिलं असेल तर सांग. तुझा फोन येईपर्यंत त्याला हो म्हणत नाही.